दारातला दांडा घेण्याआधी दार पाहावे

मागच्या पावसाळ्यात आम्ही सांगलीला एका नातलगाकडे गेलो होतो. त्यांचा थोरला मुलगा सैन्यभरतीची तयारी करीत होता. पाहतो तर मुलगा भिंतीला धरून उठतो आहे. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, दारात व्यायामाचा दांडा बसवला हुता. तिसऱ्या दिवशी दांड्यासकट पाठीवर आदळला. भरती तीन आठवड्यांवर आली आणि पोराला वाकता येईना." मुलगा मान खाली घालून म्हणाला, "काका, खोक्यावर दीडशे किलो लिहिलं हुतं. माझं वजन अठ्ठावन्न."

आम्ही चौकट पाहिली. दांडा धड होता, दोष चौकटीचा होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुरात ते घर अख्खे बुडाले होते. नंतर चौकटीला रंग दिला. पण लाकूड आतून भुसभुशीत झाले होते. मुलाची ती भरती हुकली. भरतीला वयाची मर्यादा असते. एक वर्ष गेले म्हणजे काय गेले, हे कष्टकरी आईबापांना सांगायला नको. म्हणून हा लेखप्रपंच.

दांड्याची गरज खरी आहे. अग्निवीर जनरल ड्यूटीच्या मैदानी चाचणीत दहा पुल-अप्सना ४० गुण आहेत आणि निदान सहा काढावेच लागतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मात्र पूर्वी असलेले पुल-अप्स आता नाहीत. तिथे धावणे आणि गोळाफेक मिळून ५० गुणांची चाचणी असते. तेव्हा कोणत्या भरतीला जायचे ते आधी ठरवावे, त्या वर्षीची जाहिरात नीट वाचावी आणि मगच पैसे खर्च करावेत. भरतीला जायचे नसले तरी दांडा वाया जात नाही. दिवसभर टेबलावर वाकून आकडेमोड करणाऱ्या आमच्यासारख्या कारकुनालाही मिनिटभर लोंबकळले की खांदे मोकळे वाटतात.

दांड्याचे चार प्रकार

पहिला, फिरवून ताणायचा. हा चौकटीच्या दोन उभ्या बाजूंमध्ये दाबून बसतो. त्याला खालून आधार नसतो. रबर आणि लाकूड यांच्या घर्षणावर सारा भार असतो. चौकटीला गुळगुळीत ऑइलपेंट असेल तर तो घसरतो. खोक्यावरचे वजन भक्कम चौकट धरून लिहिलेले असते, आपली चौकट पाहून नव्हे. शिवाय झटका देऊन वर गेले की दांड्यावर अंगाच्या वजनापेक्षा जास्त भार येतो.

दुसरा, वाट्यांचा. चौकटीला दोन्हीकडे लोखंडी वाट्या स्क्रूने बसवतात आणि दांडा त्यांत टेकतो. लाकूड ठणठणीत असेल तर घरासाठी आम्हाला हाच बरा वाटतो. स्क्रू दीड इंचाच्या आतले नसावेत आणि ते सुताराकडूनच बसवून घ्यावेत.

तिसरा, अडकवायचा. याला खिळे-स्क्रू लागत नाहीत, म्हणून भाड्याच्या घरातली मंडळी हाच मागतात. पण दाराच्या वर, पलीकडच्या बाजूला, बाहेर आलेली लाकडी पट्टी असेल तरच तो अडकतो. आपल्याकडे चौकट बहुधा गिलाव्याला सपाट असते. तिथे हा दांडा घेऊ नये. गिलावा फुटतो आणि माणूस पडतो.

चौथा, भिंतीला ठोकायचा. त्याला नऊ इंची पक्क्या विटांची किंवा काँक्रीटची भिंत हवी. साडेचार इंची आडभिंत, दगडमातीची भिंत किंवा पोकळ ब्लॉकची भिंत याला चालत नाही.

चौकटीची परीक्षा

दुकानात जाण्याआधी घरी हे करावे. चौकटीवर वरपासून खालपर्यंत स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. आवाज पोकळ आला, किंवा टोक दाबल्यावर आत रुतले, तर वाळवी वा कुज आहे असे समजावे. चौकट दोन्ही हातांनी हलवावी. भिंतीपासून सुटलेली असेल तर विषय संपला. पत्र्याची पोकळ चौकट, पीव्हीसीची चौकट आणि कडेला चिरलेली सिमेंटची चौकट या कामाच्या नाहीत.

हवामानही ध्यानात घ्यावे. पाटण, जावळीकडे पावसाळ्यात लाकूड फुगते. माण, खटाव, जत, आटपाडीकडे उन्हाळ्यात ते आटते. आज घट्ट बसलेला दांडा दोन महिन्यांनी सैल होतो. म्हणून रोज चढण्याआधी दांडा पिळून पाहावा. पहिले काही दिवस पाय जमिनीला टेकवूनच भार द्यावा. खाली जुनी वाकळ अंथरावी. दांड्याला लहान मुलाचा झोका बांधू नये आणि उलटे लटकू नये. वापर झाला की दांडा काढून ठेवावा. घरात एकच दार असेल तर अंधारात म्हाताऱ्या माणसाच्या कपाळाला तो लागतो.

चौकट नापास झाली तर?

तर दांडा घेऊच नये. चार घरांनी वर्गणी काढून मोकळ्या जागेत सिंगल बार उभा करावा. दोन इंची पाईपचे दहा फुटी दोन खांब घ्यावेत आणि दोन ते अडीच फूट खोल काँक्रीटमध्ये गाडावेत. चार फूट अंतरावर एक इंची हेवी जीआय पाईप आडवा वेल्डिंग करावा. एक इंची म्हटला तरी बाहेरून तो सुमारे ३३ मिलिमीटर भरतो आणि मुठीत नीट बसतो. मुठीच्या जागी रंग देऊ नये. जागा ग्रामपंचायतीची असो वा विहाराच्या आवारातली, परवानगी लेखी घ्यावी. असा बार वस्तीतल्या साऱ्या मुलामुलींना पुरतो.

ज्याला एकही पुल-अप येत नाही त्याने घाबरू नये. आधी नुसते लोंबकळावे. मग स्टुलावरून हनुवटी दांड्याच्या वर न्यावी आणि सावकाश खाली यावे. एक दिवस आड एवढेच करावे. मुलींनीही असेच शिकावे. कोपर दुखू लागले तर त्या दिवशी थांबावे. सांगलीच्या संकेत सरगर याच्या वडिलांची पानटपरी. हा मुलगा २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक घेऊन आला. ऐन स्पर्धेत त्याचे कोपर दुखावले आणि सुवर्ण एका किलोने हुकले. तयारीच्या खेळाडूच्या कोपराची ही गत, तर नवशिक्याने किती जपावे!

आमच्या नातलगाचा मुलगा आता बरा आहे. त्याने घरच्या दारात पुन्हा दांडा लावला नाही. वस्तीतल्या पोरांनी मिळून बार उभा केला आहे. परवा वहिनींचा निरोप आला, "भाऊजी, आठ काढतोय." अजून दोन राहिले. ते सावकाश, पाठ सांभाळून होतील.