हिरकणीवाडीचा चढ आणि आतलं चाक

महाडहून नाते, कोंझर करत पाचाड ओलांडलं की हिरकणीवाडी हाकेच्या अंतरावर येते. रस्ता लांबीला किरकोळ आहे, पण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा कस लागतो तो अशाच चढावर. तोही वेगात नाही, थांबून निघताना. जुलैतला रविवार, गडावर नेणाऱ्या रोपवेकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ आणि डाव्या हाताच्या वळणावर वरून उतरणारी एसटी. चढणारी गाडी कडेला घेऊन थांबवावी लागते. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं, आतलं पुढचं चाक साइडपट्टीच्या खडीवर, त्यावरून लाल पाण्याचा ओहोळ. एसटी गेली, क्लच सोडला, की ते आतलं चाक जागच्या जागी खर्रकन फिरतं, खडी मागे उडते आणि गाडी तसूभरही पुढे सरकत नाही. बाहेरचं चाक घट्ट डांबरावर आहे, पण ते ढिम्म.

इंजिन शंभर अश्वशक्तीचं असो की अडीचशेचं, साधं डिफरन्शियल असेल तर या जागी दोन्ही गाड्यांची गत एकच. वेगवान छोट्या गाड्यांच्या, म्हणजे हॉट हॅचच्या, गेल्या चाळीस वर्षांच्या प्रवासात ताकद किती वाढली याच्या गप्पा भरपूर होतात. या आतल्या चाकाचं काय केलं, हे कोणी फारसं विचारत नाही.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकं एका दांड्यावर घट्ट जखडून चालत नाही. १८२० च्या दशकात फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेक्युरने वाफेवरच्या गाडीसाठी यावर तोड काढली ती डिफरन्शियलची. क्राऊन हा मोठा गिअर, त्याच्या पोटात स्टार पिनियन हे छोटे गिअर, आणि दोन्ही अंगांना एक्सल. चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरायची मुभा मिळाली. अट एकच की, दोन्ही चाकांना जोर मिळणार तो सारखाच. गोम आहे ती इथे. समजा, आतल्या चाकाखालची ओली खडी ४०० न्यूटन-मीटर जोर पेलते आणि बाहेरचं डांबर १५००. आतलं ४०० च्या पुढे सटकतं, म्हणून बाहेरच्यालाही ४०० च मिळतात. हिशेब ८०० वर संपला. इंजिनाने कितीही जीव तोडला तरी तो आतल्या चाकाच्या फिरक्यांत जातो.

यावरचा इलाज या भागातल्या ट्रॅक्टरवाल्याला टाचेखालीच सापडतो. भातखाचरात चिखलणी करताना एक चाक रुतून फिरायला लागलं की तो डिफ लॉकचं पेडल दाबतो, दोन्ही मागची चाकं एकजीव होतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. वळायच्या आधी पाय काढायचा, एवढं पथ्य. खाचरात ते जमतं, कारण तिथे चाकाखाली चिखल आहे. डांबरावर, तेही जी चाकं वळवायची त्याच चाकांना, असं जखडलं तर गाडी वळायचं नाव घेत नाही आणि स्टिअरिंग हातातून ओढ घेतं.

आपल्याकडे पुढच्या चाकांवर चालणारी गाडी घरोघरी पोचवली ती १९८३ च्या मारुती ८०० ने. त्याआधीची, कुर्ल्यात बनणारी पद्मिनी मागच्या चाकांवर चाले. चढावर गाडीचा भार मागे झुकतो, म्हणजे पद्मिनीला घाट चढताना निसर्गच मदत करी. मारुतीचं उलट. चढ जितका तीव्र, तितकी पुढची चाकं हलकी. यावर निघालेली देशी युक्ती म्हणजे, सुटत नसेल तर मागच्या सीटवरच्यांना उतरवायचं, आणि त्यानेही नाही भागलं तर गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढवायची. रिव्हर्समध्ये चालती चाकं उताराच्या बाजूला येतात, भार त्यांच्यावर पडतो. ही युक्ती भौतिकशास्त्राला धरून आहे. तरीही चाळिशीच्या आतबाहेर अश्वशक्तीच्या गाडीत आतलं चाक ही मोठी अडचण नव्हती, फिरवायलाच मुळात फारसा जोर नव्हता.

जोर आला २००१ च्या फियाट पालिओपासून. १.६ लिटरची पालिओ शंभर अश्वशक्तीची होती आणि तिचे चाहते आजही तिच्याबद्दल हळवे होतात. खरा फरक पडला तो टर्बोने. चाकणच्या कारखान्यातून २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय आली. ताकद १०५ अश्वशक्ती म्हणजे आकड्यात काहीच विशेष नाही, पण १७५ न्यूटन-मीटरचा टॉर्क १५०० आरपीएमपासूनच हाताशी. २०१५ मध्ये रांजणगावहून अबार्थ पुन्टो निघाली. १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन-मीटर, दहा लाखांच्या आत. जुन्या इंजिनाचा जोर आरपीएम चढवल्यावर मिळे, तोवर वळण संपलेलं असे. टर्बोचा जोर मिळतो वळणातून बाहेर पडताना, खालच्या आरपीएमला, स्टिअरिंग अजून वळलेलं असताना. म्हणजे आतलं चाक सर्वांत हलकं असतं नेमक्या त्याच क्षणी. वरंधा असो की पोलादपूरवरून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट, तिथल्या दुमडलेल्या वळणांवर हे चालवणाऱ्याच्या लगेच लक्षात येई. डिफरन्शियल मात्र साधंच राहिलं.

तिकडे युरोपात हा प्रश्न आधीच ऐरणीवर आला होता, कारण तिथे दोनशे अश्वशक्ती पुढच्या चाकांवर टाकायची चढाओढ लागली होती. पहिलं उत्तर यांत्रिक होतं. २००२ च्या फोर्ड फोकस आरएसमध्ये क्वाइफचं गिअरवालं डिफरन्शियल बसवलं. टॉर्सन, क्वाइफ या जातीच्या डिफरन्शियलमध्ये तिरक्या दात्यांचे गिअर घर्षणाने एकमेकांना धरतात आणि घट्ट चाकाला कमजोर चाकाच्या काही पट जोर देतात. गाडी वळणातून झेपावते खरी, पण फोकस आरएसचं स्टिअरिंग रस्त्यावरच्या प्रत्येक उंचवट्याला डावी-उजवीकडे हिसके देई. दोन चाकांचा जोर वेगळा झाला की त्यातला फरक स्टिअरिंगमधून हाताला जाणवतो, हे पुढच्या चाकांचं जन्मजात दुखणं. दुसरी मर्यादा गणिताची. काही पट म्हणजे कशाच्या पट? आतलं चाक पूर्ण उचललं गेलं तर शून्याची काही पट शून्यच.

दुसरं उत्तर आलं ते ब्रेकमधून, आणि ते चतुर होतं. ईएसपी, म्हणजे घसरती गाडी सावरणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत प्रत्येक चाकाचा ब्रेक स्वतंत्रपणे दाबू शकणारा पंप आधीच असतो. मग आतलं चाक सटकायच्या बेतात असताना त्याचाच ब्रेक हलकेच दाबला तर? डिफरन्शियलला वाटतं की त्या चाकाला पकड मिळाली, आणि ते बाहेरच्यालाही तेवढाच जोर देतं. फोल्क्सवागनने सहाव्या पिढीच्या गोल्फ जीटीआयमध्ये, २००९ मध्ये, याला एक्सडीएस असं नाव दिलं. नवा लोखंडी भाग एकही नाही, सगळं काम सॉफ्टवेअरचं. कंपन्यांना हे का आवडलं ते सांगायला नको. माहितीपत्रकात ‘इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल लॉक’ असं ऐटीत छापता येतं, आणि खर्च जवळपास नाही. मला ही छपाई थोडी लबाडीची वाटते.

कारण वरचाच हिशेब पुन्हा मांडून पाहा. बाहेरच्या चाकाला १५०० द्यायचे तर आतल्यालाही १५०० द्यावे लागतात. त्यातले ४०० खडी पेलते, उरलेले ११०० ब्रेकने गिळायचे. इंजिनाने दिले ३०००, रस्त्यावर उतरले १९००. तिसऱ्या हिश्शाहून जास्त ताकद डिस्क तापवण्यात गेली. एखाद्या वळणापुरतं हे चालतं. घाटात एकामागून एक वळणं आली की पॅड झिजतात, डिस्क तापते, आणि उतरताना ज्या ब्रेकवर जीव हवाली करायचा तेच चढताना दमलेले असतात. शिवाय इंजिन छोटं असेल तर ३००० आणायचे कुठून हा प्रश्न आहेच.

ब्रेकवाल्या या जातीची तीन दारांची पोलो जीटीआय आपल्याकडे २०१६ मध्ये आली. १९२ अश्वशक्ती, आयात केलेल्या मोजून ९९ गाड्या, किंमत २६ लाखांना टेकलेली. पोलोला एवढे पैसे कोण देणार, असं लोकांनी विचारलं आणि पुढे किंमत बरीच खाली आणावी लागली.

खरं इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल तोवर जर्मनीत तीन वर्षांचं झालं होतं. २०१३ मध्ये सातव्या पिढीच्या गोल्फ जीटीआयच्या परफॉर्मन्स आवृत्तीत ते प्रथम बसलं. बनवणारी बोर्गवॉर्नर, नाव व्हीएक्यू. आत काय आहे? मूळचं साधं डिफरन्शियल तसंच ठेवलंय. त्याची हाऊजिंग आणि उजवीकडचा एक्सल यांच्यामध्ये ओल्या क्लचप्लेटची चळत बसवली आहे, मोटरसायकलच्या क्लचमध्ये असते तशीच. एक प्लेट हाऊजिंगला अडकलेली, पुढची एक्सलला, पुन्हा हाऊजिंगला, अशी आलटून पालटून. शेजारी विजेवर चालणारा छोटा पंप. तो तेलाचा दाब वाढवतो, दाबाने पिस्टन सरकतो, पिस्टन प्लेट आवळतो. दाब नाही तर डिफरन्शियल पूर्ण मोकळं, पार्किंगमध्ये स्टिअरिंग लोण्यासारखं. पूर्ण दाब दिला तर १६०० न्यूटन-मीटरपर्यंतचं बंधन. आपल्या वळणावर हवे होते ११००. ते ब्रेकमध्ये न जळता थेट बाहेरच्या चाकाला मिळतात, प्लेट घसरताना थोडी उष्णता होते तेवढीच. आतलं चाक हवेत असलं तरी फरक पडत नाही, इथे पटीचा प्रश्नच नाही.

मात्र या क्लचला एक खोड आहे, आणि सगळी करामत तिच्याभोवती आहे. क्लच जोर नेतो तो नेहमी जास्त वेगाने फिरणाऱ्या चाकाकडून कमी वेगाने फिरणाऱ्याकडे. आतलं चाक सटकून बाहेरच्यापेक्षा जोरात फिरत असेल तर जोर बाहेर जातो, हवं तसंच. पण सटकलेलं नसताना, शांत वळणात, बाहेरचं चाकच जास्त फिरत असतं. त्या वेळी प्लेट आवळल्या तर जोर बाहेरून आत जाईल आणि गाडी वळण सोडून सरळ निघेल. घाटात सरळ म्हणजे कुठे, ते वेगळं सांगायला नको. म्हणून आवळायचं कधी, किती आणि सोडायचं कधी, हे ठरवणारा मेंदू प्लेटइतकाच महत्त्वाचा. स्टिअरिंग किती वळलंय, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय किती, चारही चाकांचा वेग, गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरतेय, हे सगळं वाचून तो दाब ठरवतो. ईएसपीला काम करायचं असेल तेव्हा तो बाजूला होतो. हीच खोड उलटी वापरण्याची अक्कलही त्यात आहे. भरधाव गाडीची शेपूट वळणात हलायला लागली तर तो मुद्दाम प्लेट आवळून गाडी सरळ करतो. यांत्रिक डिफरन्शियल हुकमानुसार हे करू शकत नाही.

एवढं असूनही इलेक्ट्रॉनिक म्हणजे जास्त वेगवान, असं समीकरण मांडू नये. जर्मनीच्या न्युर्बर्गरिंगवर २०१६ मध्ये व्हीएक्यूवाल्या गोल्फ क्लबस्पोर्ट एसने पुढच्या चाकांच्या गाड्यांचा विक्रम केला. पुढच्याच वर्षी होंडाच्या सिव्हिक टाइप आरने तो ७ मिनिटं ४३.८० सेकंदांत मोडला, टॉर्सन-क्वाइफच्या जातीच्या साध्या गिअरवाल्या डिफरन्शियलवर. कसलेला चालक आणि गरम टायर असतील तर गिअर पुरतात. ओला रस्ता, मागे मुलं, चालवणारा तुमच्याआमच्यासारखा असेल, तर मी इलेक्ट्रॉनिकच घेईन.

घेईन म्हणणं सोपं. आपल्याकडे हे डिफरन्शियल २०२० मध्ये आलं स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ मधून. ती हॅचबॅक म्हणवत नव्हती, संख्या २००, किंमत ३६ लाखांच्या घरात. अस्सल गोल्फ जीटीआय आली मे २०२५ मध्ये. २६५ अश्वशक्ती, ३७० न्यूटन-मीटर, ५३ लाख रुपये, पहिल्या खेपेला १५० गाड्या. या पिढीत व्हीएक्यू, ब्रेकचं एक्सडीएस आणि सस्पेन्शन एकाच यंत्रणेच्या ताब्यात आहेत. पाचाडच्या गतिरोधकांवर तिचा तळ किती वेळा घासेल, हा भाग वेगळा.

दहा लाखांतल्या गाडीला हे मिळत नाही याचं कारण फक्त महागाई आहे, असं मला वाटत नाही. नाशिकला बनणाऱ्या २०२० च्या महिंद्रा थारमध्ये मागच्या एक्सलला आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल होतं, आणि ती गाडी ५३ लाखांच्या आसपासही नव्हती. थारच्या गिऱ्हाइकाला चिखल दिसत होता, त्याने लॉकर मागितला, कंपनीने दिला. हॉट हॅचच्या गिऱ्हाइकाने शून्य ते शंभर किती सेकंदांत, एवढंच विचारलं. मग २०२४ च्या टाटा अल्ट्रोझ रेसरला १२० अश्वशक्ती आणि पट्टे मिळाले, डिफरन्शियल साधंच राहिलं. टाटांना दोष का द्यावा? विचारलंच नाही कोणी. आणि खरं सांगायचं तर शंभर-सव्वाशे अश्वशक्तीच्या गाडीवाल्याने महाड सोडण्याआधी गुळगुळीत झालेले दोन पुढचे टायर बदलले तर अर्धं काम तिथेच होतं.

व्हीएक्यूला देखभालही लागते. त्याचं तेल गिअरबॉक्सपेक्षा वेगळं, ते ठरावीक मुदतीने बदलायचं. प्लेटची बारीक झीज तेलात उतरते आणि पंपाची चाळणी तुंबवते. पंप मेला तर गाडी बंद पडत नाही, डिफरन्शियल साधं होऊन बसतं, आणि एखाद्या ओल्या वळणावर आतलं चाक फिरेपर्यंत मालकाला जाणवतही नाही.

२०२३ मध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात फोल्क्सवागनने आयडी जीटीआय ही विजेवरची कल्पना-गाडी मांडली. पुढे एकच मोटर, पुढचीच चाकं चालणारी. मोटरला आरपीएम चढायची वाट पाहावी लागत नाही, पहिल्या क्षणापासून सगळा टॉर्क हजर. साहजिकच, इंजिन, गिअरबॉक्स, सायलेन्सर सगळं काढून टाकल्यावरही पुढच्या एक्सलवरचा इलेक्ट्रॉनिक लॉक त्यांनी कायम ठेवला आहे.