चिंच, मीठ आणि शिवराई

तांब्याच्या ताम्हनाला चिंच आणि मीठ लावले की ते पाहता पाहता लखलखते. म्हणूनच जुन्या पेटीत एखादी शिवराई सापडली, की तिच्याही वाट्याला हाच उपचार येतो. पण ताम्हन आपण पुढच्या सणाला पुन्हा घासणार असतो. नाण्यावरची 'श्री राजा शिव' ही अक्षरे एकदा गेली की गेली.

तांबे हवेत राहिले की त्यावर प्रथम तांबूस व नंतर काळपट ऑक्साइड चढते. दमट हवेत कार्बन डायऑक्साइडच्या साहाय्याने हिरवे कार्बोनेट तयार होते. हे थर घट्ट बसलेले असतील तर ते आतल्या धातूचे थोडेफार रक्षणच करतात. दीर्घकाळ जमिनीत पुरलेल्या नाण्यावर तर अक्षरांचा मूळ पृष्ठभाग पुष्कळदा या थरातच टिकून असतो. थर काढला की अक्षरेही निघतात. (असे पुरलेले धन सापडल्यास 1878 च्या कायद्यानुसार कलेक्टरला कळवावे लागते, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.)

चिंचेतील टार्टारिक आम्ल ऑक्साइड व कार्बोनेट विरघळवते. मिठातील क्लोराइडमुळे हे काम आणखी वेगाने होते. खरी गोम या क्लोराइडमध्येच आहे. नाण्याच्या सूक्ष्म खाचांत ते उरले तर क्युप्रस क्लोराइड बनते. त्याला ओलावा व ऑक्सिजन मिळाला की फिकट हिरवी भुकटी आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. ते आम्ल आणखी तांबे खाते, त्यातून पुन्हा क्युप्रस क्लोराइड, आणि चक्र चालूच! याला 'कांस्यरोग' म्हणतात. नावात रोग असला तरी यात जंतूंचा संबंध नाही.

हे वर्गात दाखवता येते, मात्र जुने नाणे न वापरता. तांब्याच्या पत्र्याचे सारखे चार तुकडे घ्या. एक तसाच ठेवा. दुसरा नुसत्या चिंचेच्या कोळात, तिसरा व चौथा मीठ घातलेल्या कोळात पाच मिनिटे बुडवा. दुसरा आणि तिसरा ऊर्ध्वपातित पाण्यात अनेकदा, पाणी बदलून धुवा. चौथा न धुता नुसता निथळू द्या. चारही तुकडे ओला कापूस ठेवलेल्या बंद बरणीत, कापसाला न टेकवता ठेवा आणि रोज नोंद करा. चौथ्यावर हिरवट डाग कधी दिसतो आणि तिसऱ्यावर दिसतो का, हे मुलांनीच शोधू द्यावे.

धुणे पुरे झाले हे कसे ओळखायचे? धुतलेल्या पाण्याचा नमुना परीक्षानळीत घेऊन त्यात विरल नायट्रिक आम्लाचा एक थेंब व मग सिल्व्हर नायट्रेट घाला. पांढरा गढूळपणा आला तर क्लोराइड अजून बाहेर पडत आहे. नळाच्या पाण्यातही क्लोराइड असते, म्हणून ते येथे चालत नाही. सिल्व्हर नायट्रेट शिक्षकांनीच हाताळावे. कातडीवर काळे डाग पडतात.

खऱ्या शिवराईचे काय करावे? मऊ ब्रशने सुटी माती झटकावी, आणि बहुतेक वेळा तेथेच थांबावे. फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा येत असेल तर नाणे कोरडे ठेवून संग्रहालयातील जाणकाराला दाखवावे. तेथे बेन्झोट्रायझोलसारखे, तांब्यावर संरक्षक पापुद्रा धरणारे रसायन वापरतात. ते विषारी असल्याने घरी करण्याजोगे नाही.

चांदीच्या रुपयाची गोष्ट वेगळी. त्याचा काळेपणा सल्फाइडचा असतो. अॅल्युमिनियमच्या पातळ कागदावर ठेवून धुण्याच्या सोड्याच्या गरम द्रावणात बुडवल्यास सल्फाइडचे पुन्हा चांदीत रूपांतर होते. तरीही संग्रहातील नाण्यावर हे करू नये, कारण सौम्य काळसर छटा जाणकारांना हवीच असते.

नाणे कडांना धरून उचलावे. घामातही मीठ असते. पीव्हीसीच्या मऊ पाकिटातून कालांतराने हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते, म्हणून आम्लरहित कागदाचे पाकीट बरे. कोकणात पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी. रंग बदलणारे निळे जेल ओलाव्याने गुलाबी होते. प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये तापवले की ते पुन्हा निळे होते आणि वापरता येते.