नऊ टक्के आणि साडेतीन महिने

2024च्या प्रवेशासाठी यूसीएलएकडे, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस कॅम्पसकडे, शाळेतून थेट येऊ पाहणाऱ्या मुलांचे सुमारे 1,46,000 अर्ज आले. प्रवेश देऊ केला गेला साधारण 13,000 जणांना, म्हणजे 9 टक्क्यांना. त्यातली निम्मीच मुलं प्रत्यक्षात दाखल होतात. बाकीची दुसरीकडे जाणार हे धरूनच जागांच्या जवळपास दुप्पट मुलांना होकार कळवतात.

2020 साली हेच प्रमाण 14 टक्के होतं आणि अर्ज होते 1,08,900च्या घरात. त्याच वर्षी मे महिन्यात विद्यापीठाने एसएटी आणि एसीटी या प्रवेशपरीक्षांची सक्ती उठवली. पुढच्या प्रवेशाला अर्ज एकदम 1,39,500वर गेले. जागा काही त्या वेगाने वाढल्या नाहीत. शिवाय एकाच ऑनलाइन अर्जावर विद्यापीठाचे पदवीचे नऊही कॅम्पस निवडता येतात, फक्त प्रत्येकाची फी स्वतंत्र भरावी लागते. सहा कॅम्पस निवडणारं एकच मूल त्यांच्या आकड्यांत सहा वेळा मोजलं जातं.

अर्ज नोव्हेंबरअखेर भरायचा आणि यूसीएलएचा निकाल मार्चच्या मध्यावर, बहुधा शुक्रवारी संध्याकाळी लागतो. तेव्हा नाशिक-साताऱ्यात शनिवारची सकाळ असते आणि अमेरिकेतल्या नातवंडांचे आजी-आजोबा फोन हातात घेऊन बसलेले असतात. मधले साडेतीन महिने कशात जातात? यूसीएलएत प्रत्येक अर्ज दोन वेगवेगळे प्रशिक्षित वाचक पूर्ण वाचतात. म्हणजे 2,92,000 वाचनं. शंभर दिवस धरले तर रोजची 2,900च्या वर. प्रत्येक अर्जात 350 शब्दांपर्यंतची चार उत्तरं. सगळ्यांनी मर्यादा गाठली तर ते 20 कोटी शब्द होतात.

आपल्याकडे मेरिट लिस्ट आणि कट-ऑफ पाहत वाढलेल्या आईवडिलांना इथे सर्वांत जड जातं, कारण इथे कट-ऑफच नाही. दहावी-अकरावीतले ग्रेड, घेतलेल्या विषयांची काठिण्यपातळी, शाळेत कोणत्या सोयी होत्या, घरची परिस्थिती असं सगळं मिळून पाहतात. त्यामुळे ‘किती गुणांनी हुकलं’ या प्रश्नाला उत्तरच नसतं. शेजारच्या मुलीला मिळालं आणि आपल्या मुलाला नाही, यावरून त्याच्यात काय कमी होतं ते शोधत बसणं मुलावर अन्याय करणारं आहे, असं मला ठामपणे वाटतं.

गणिताची एक चूक मात्र हुशार घरांतही होते. प्रत्येकी 10 टक्के प्रवेश देणाऱ्या सहा ठिकाणी अर्ज केला, तर निदान एका ठिकाणी लागण्याची शक्यता 47 टक्के निघते. हा हिशेब सहाही निर्णय एकमेकांशी संबंध नसलेले आहेत असं मानतो. इथे तर अर्ज तोच, उत्तरं तीच आणि निकषही बहुतेक तेच. एका कॅम्पसला जे कमी वाटलं, ते दुसऱ्यालाही वाटण्याचा संभव मोठा. म्हणून खरी शक्यता 47च्या बरीच खाली असू शकते, आणि यादीत रिव्हरसाइड किंवा मर्सेडसारख्या, तुलनेने सहज प्रवेश देणाऱ्या कॅम्पसचं नाव मनापासून हवं, नुसतं भरतीला नको.

घरात 9 टक्क्यांची चर्चा होते, तेव्हा दुसरा आकडा क्वचितच निघतो. अर्ज करणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या रहिवासी मुलांपैकी दहातल्या सुमारे सातजणांना नऊपैकी कुठल्या ना कुठल्या कॅम्पसमध्ये प्रवेश मिळतो. राज्यातल्या किंवा आपल्या शाळेतल्या वरच्या 9 टक्क्यांत बसणाऱ्या पात्र रहिवासी मुलांना तर, कुठेच नाव लागलं नाही तरी, जागा असलेल्या एखाद्या कॅम्पसचा प्रवेश देऊ करतात. आईवडील एच-1बी व्हिसावर असले तरी अटी पूर्ण केल्यास मूल रहिवासी ठरू शकतं. बाहेरच्यांना वर्षाला 34,000 डॉलरांहून जास्त वेगळे भरावे लागतात, तेव्हा रहिवासाची कागदपत्रं वेळेत लावणं महत्त्वाचं.

नकार आला तरी यूसीएलएचं दार कायमचं बंद होत नाही. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात शिकून तिसऱ्या वर्षाला अर्ज करणाऱ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुलांना तिथे प्रवेश मिळतो, आणि अशा प्रवेशांत 90 टक्क्यांहून अधिक मुलं कॅलिफोर्नियाच्याच कम्युनिटी कॉलेजांतली असतात. प्रतीक्षायादीत नाव आलं, तर होकार कळवावा, पण 1 मेपूर्वी हातात असलेल्या दुसऱ्या कॉलेजची जागा पक्की करावी. आणि बारावीचा अभ्यास सोडू नये: मार्चमध्ये मिळालेला प्रवेश तात्पुरता असतो, शेवटच्या सत्रातल्या एखाद्या डी ग्रेडने तो रद्दही होऊ शकतो.