आजींचा पहिला सागरप्रवास

शिरपूरच्या श्री अंतरिक्ष पार्श्वनाथ तीर्थापासून जवळचे रेल्वे स्थानक म्हणजे जऊळका. सत्तरच्या दशकात तेथील एक जैन कुटुंब मीटरगेजने अकोल्यास, तेथून मुंबईस आणि पुढे आगबोटीने गोव्यास निघाले. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटलेली बोट दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीस पोहोचे. एक रात्र समुद्रावरच जाई. आजींनी दशम्यांचा डबा आणि पाणी गाळण्याचे फडके आठवणीने घेतले होते.

दुपारीच आजींना बोट लागली. सूर्य कलताच त्यांनी उठून नातवंडांना डेकवर जेवू घातले. स्वतःला मात्र घोटभर पाणीही सोसेना. तोवर सूर्यास्त झाला. रात्री त्यांच्या घशाला कोरड पडली. ‘आजारपणात चालते,’ म्हणत मुलाने पेला पुढे केला. ‘नियम काही जऊळक्याला ठेवून आले नाही,’ एवढेच त्या म्हणाल्या. मुलाने पेला मागे घेतला आणि रात्रभर तो उशाशी बसून राहिला.

साठी ओलांडलेल्या नातवाला आज त्या बोटीचे नावही आठवत नाही. सूर्योदयानंतर फडक्यातून गाळून आजींनी घेतलेला पहिला घोट मात्र अजून डोळ्यांपुढे आहे.