लायसन्सची मुदत आणि नजरेची मुदत

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या पाकिटात ड्रायव्हिंग लायसन्स असते. मुदत संपत आली की मुलगा किंवा नातू मोबाईलवर अर्ज भरतो, फी भरतो, डॉक्टरांचा दाखला जोडतो आणि नवे कार्ड घरी येते. अब्बांना आज रस्त्यावरचे किती दिसते, हे मात्र त्यांच्या शेजारी बसून कोणीच पाहिलेले नसते.

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. २०१९ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. तेव्हापासून खासगी वाहनाचे लायसन्स तिशीच्या आत काढले तर ते चाळिशीपर्यंत चालते. ३० ते ५० या वयात काढले किंवा नूतनीकरण केले तर १० वर्षे चालते. ५० ते ५५ मध्ये केले तर साठीपर्यंत, आणि ५५ नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला लागतो. वयाची वरची मर्यादा नाही. नूतनीकरणाच्या वेळी गाडी चालवून दाखवावी लागते ती मुदत संपून वर्ष उलटले असेल तरच. म्हणजे उशीर करणाऱ्याची परीक्षा होते. ज्याची नजर, कान, मान बदलली, पण अर्ज वेळेवर गेला, त्याची होत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करू. आम्ही ज्येष्ठांवर ठपका ठेवत नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यू भरधाव वेगामुळे झाले, अशी सरकारी नोंद आहे. आपले बुजुर्ग बहुधा सावकाशच चालवतात. पण सावकाश चालवणे आणि नीट दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची किंमत सायकलवाला मोजतो.

नगरच्या रस्त्यावरची सायकल

आपल्या जिल्ह्यात सायकल अजून शाळेची सवारी आहे. राहुरी, श्रीरामपूर, शेवगाव, जामखेड, कुठेही जा; वाडी-वस्तीवरून मुले-मुली सायकलवर शाळेत येतात. हिवाळ्यात ऊस कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या त्याच रस्त्यावर उतरतात. साइडपट्टी उखडलेली असते, म्हणून सायकलवाला डांबराच्या कडेवरून चालतो आणि खड्डा आला की अचानक आत वळतो. मागच्या चालकाला हे आधीच ओळखावे लागते. डिसेंबरात फज्रच्या जमातीला अंधारच असतो. त्याच अंधारात आमचे काही विद्यार्थी क्लासला निघतात आणि काही बुजुर्ग स्कूटरवर मशिदीकडे.

साठीनंतर डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचणारा प्रकाश विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश उरतो. समोरच्या गाडीचा हेडलाइट डोळ्यात गेला की नजर सावरायला तरुणापेक्षा जास्त वेळ लागतो. मोतीबिंदूने दिवे पसरट दिसतात. काचबिंदू बाजूची नजर हळूहळू खातो, आणि समोरचे स्वच्छ दिसत असल्याने माणसाला ते कळतही नाही. सायकल मात्र बाजूलाच असते, बारीक असते आणि आवाज करत नाही. ज्यांची मान नमाजमध्ये सलाम फेरताना खांद्यापर्यंत वळत नाही, त्यांची ती चौकात वळण घेतानाही वळत नाही. मधुमेहाच्या औषधांनी शुगर एकदम उतरली तर डोळ्यांपुढे अंधारी येते. रमजानमध्ये इफ्तारच्या आधीची वेळ अशा चालकांसाठी विशेष जपण्याची. अपघातानंतर “सायकलवाला दिसलाच नाही” असे चालक म्हणतो, तेव्हा तो अनेकदा खरेच बोलत असतो.

जपानने काय केले

वृद्धांची संख्या मोठी असलेल्या जपानला हा प्रश्न आपल्याआधी भेटला. ७५ वर्षांवरील चालकांची स्मरणशक्ती-आकलनाची तपासणी तेथे २००९ पासून आहे. तरीही १९ एप्रिल २०१९ रोजी टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाच्या कारने सायकलवरील एका आईचा आणि तिच्या ३ वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला होता. न्यायालयाने त्यांना ५ वर्षांची कैद दिली. त्या वर्षी जपानमध्ये सुमारे ६ लाख लोकांनी आपणहून लायसन्स परत केले. मे २०२२ पासून वाहतुकीचे ठरावीक नियम मोडलेल्या ७५ वर्षांवरील चालकांना नूतनीकरणाआधी गाडी चालवून दाखवावी लागते. निव्वळ वयावर बोट न ठेवता आधी झालेली चूक पाहून परीक्षा घेणारी ही पद्धत आपल्यालाही घेण्यासारखी आहे.

आपल्या कायद्यातही दार बंद नाही. आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे कोणी वाहन चालवण्यास अयोग्य झाल्याचे सबळ कारण दिसले, तर परवाना अधिकारी केव्हाही वैद्यकीय दाखला मागू शकतो किंवा लायसन्स रद्द करू शकतो. पण साठीनंतरच्या प्रत्येक नूतनीकरणाला नेत्रतज्ज्ञाची तपासणी आणि पंधरा मिनिटांची रस्त्यावरची चाचणी जोडली, तर ते जास्त न्यायाचे होईल असे आम्हाला वाटते. लोकप्रतिनिधींकडे ही मागणी करायला हवी.

घरातली परीक्षा

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर ही परीक्षा घरात घेता येते. लायसन्सच्या अर्जातच एक प्रश्न असतो: दिवसाउजेडी २५ मीटरवरची गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? अंगणातून किंवा गल्लीतून ती वाचायला सांगा. चष्मा असेल तर चष्म्यासह. महिन्यातून एकदा त्यांच्या शेजारी बसून बाजारापर्यंत जा. गाडीवर नवे ओरखडे आहेत का, ओळखीचा रस्ता चुकतो का, सायकल ओलांडताना किती अंतर राहते, हे पाहा. गावाबाहेर सायकलपासून फ्रान्समध्ये दीड मीटर आणि जर्मनीत दोन मीटर अंतर सोडण्याचा नियम आहे. आपणही निदान दीड मीटर सोडावे. मोतीबिंदू असेल तर जिल्हा रुग्णालयात त्याचे ऑपरेशन मोफत होते; मग चावी काढून घेण्याची वेळच कदाचित येणार नाही.

वेळ आलीच, तर बोलणे अदबीने व्हावे. सर्वांसमोर नको आणि सुनेच्या तोंडून तर नकोच. आधी रात्रीचे चालवणे थांबवावे, मग हायवे, मग उरलेले. आणि चावी घेणाऱ्याने जाण्या-येण्याची सोयही लावावी. नाहीतर अब्बा त्याच रस्त्यावर पायी निघतील आणि तो धोका आणखी मोठा. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयात अर्धे तिकीट. गावातल्या गावात जुम्याच्या नमाजला, दवाखान्याला, नात्यात न्यायला घरातल्या एकाने आठवड्याचे दिवस वाटून घ्यावेत.

वाटेवरून त्रासदायक वस्तू दूर करणे ही नेकी आहे, असे आपण मुलांना शिकवतो. रस्त्यावरचा दगड उचलणे सोपे असते. ज्या हातांनी आपल्याला सायकल शिकवली, त्या हातांतली चावी मागणे कठीण असते. पण समोरून येणारी सायकलही कोणाच्या तरी घरातली अमानत आहे.