सारांशापलीकडे
मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. १८६१ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. त्यातला उतारा दिला की मुले सारांश लिहितात. तो हवाच; पण त्यात ‘जळते ती मेणाची वाफ’ एवढेच उरते, पुरावा गळतो. म्हणून दुसरे लेखन सांगावे : हे विधान कशावरून? मग काचेची नळी येते. तिचे एक टोक ज्योतीच्या मधल्या काळसर भागात धरले, की दुसऱ्या टोकातून निघणारी वाफ पेटवता येते. तिसरे लेखन शंकेचे. ती वाफ मेणाचीच, वातीची नव्हे, हे एवढ्याने ठरते का? इथे वर्गात मतभेद होतात. होऊ द्यावेत, दोन्ही बाजू मात्र लिहून घ्याव्यात.