संग्रहालये मोजायची म्हणजे नेमके काय मोजायचे?

मागच्या व्याख्यानात आपण वर्गीकरणाचा विचार केला. वस्तूंचे गट निसर्गातच असतात की आपण ते पाडतो, हा प्रश्न तिथे आपल्यासमोर होता. आज तोच प्रश्न जरा जमिनीवर आणू. एखादा देश जेव्हा सांगतो, 'आमच्याकडे इतकी संग्रहालये आहेत', तेव्हा त्याने नक्की काय मोजलेलं असतं? विषय वरवर कोरडा वाटेल, पण थोडा धीर धरा. यात तत्त्वज्ञान पुष्कळ आहे.

सुरुवातीला दोन आकडे. २०१४ साली अमेरिकेच्या संग्रहालये आणि ग्रंथालये यांच्या संघीय संस्थेने जाहीर केलं, की देशात ३५,१४४ संग्रहालये आहेत. त्याआधी सगळीकडे सांगितला जाणारा अंदाज होता १७,५००. आकडा एका घोषणेत दुप्पट झाला! दुसरा आकडा जगाचा. मे २०२० मध्ये युनेस्कोचा अंदाज होता ९५,०००, आणि एप्रिल २०२१ मध्ये तो झाला सुमारे १,०४,०००. मधलं वर्ष कोणतं, हे आपल्याला सांगायला नको. महासाथीचं. त्याच अहवालानुसार २०२० मध्ये संग्रहालये सरासरी १५५ दिवस बंद होती आणि येणाऱ्यांची संख्या साधारण ७० टक्क्यांनी घसरली होती. कुलपं लागलेल्या वर्षात जगात नऊ हजार नवी संग्रहालये उभी राहिली, असं कुणी म्हणणार नाही. बदलली ती मोजणी. मग प्रश्न असा, की मोजणी बदलली म्हणजे नक्की काय बदललं?

इथे आपल्या न्यायशास्त्राची मदत घेऊ. नैयायिकांनी व्याख्येला 'लक्षण' म्हटलं आणि लक्षणाचे तीन दोष सांगितले. त्यांचं उदाहरण गाईचं आहे. 'जिला शिंगं ती गाय' म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. 'जी तांबूस ती गाय' म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. 'जिचा खूर एकसंध ती गाय' म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. निर्दोष लक्षण कोणतं? सास्ना, म्हणजे गळ्याखाली लोंबणारी पोळी. ती सगळ्या गाईंना असते आणि गाईखेरीज कुणाला नसते, असं त्यांचं म्हणणं.

आता संग्रहालयाची 'सास्ना' कोणती? आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषद, म्हणजे आयकॉम, १९४६ मध्ये स्थापन झाली. तिने तेव्हा केलेली व्याख्या फार सैल होती. लोकांना खुला असलेला, कलेचा, विज्ञानाचा, इतिहासाचा कोणताही संग्रह म्हणजे संग्रहालय. त्यात प्राणिसंग्रहालये आणि वनस्पती उद्यानेही आली. ग्रंथालये मात्र वगळली, कायमचं प्रदर्शन दालन असेल तेवढा अपवाद ठेवून. पुढे ही व्याख्या अनेकदा बदलली. २०१९ मध्ये क्योटोला नव्या मसुद्यावर इतका वाद झाला की मतदानच पुढे ढकलावं लागलं. शेवटी २४ ऑगस्ट २०२२ रोजी प्राग इथे ९२ टक्क्यांहून अधिक मतांनी आजची व्याख्या मंजूर झाली. तिच्यानुसार संग्रहालय ही नफ्यासाठी नसलेली, कायमस्वरूपी, समाजाच्या सेवेतली संस्था असते. ती मूर्त आणि अमूर्त वारशाचं संशोधन, संग्रह, जतन, अर्थबोध आणि प्रदर्शन करते. ती सर्वांना खुली आणि समावेशक असते, विविधता आणि शाश्वतता यांना बळ देते.

व्याख्या चांगली आहे, यात शंका नाही. पण कल्पना करा, सांख्यिकी खात्याचा एक कर्मचारी हातात तक्ता घेऊन दारात उभा आहे. दार वर्षातून किती दिवस उघडं असतं, हे तो पाहू शकतो. स्वतःचा संग्रह आहे का, तिकीट आहे का, पगारी माणूस आहे का, हेही विचारू शकतो. 'ही संस्था समावेशक आहे का?' या रकान्यात तो काय लिहिणार? म्हणून आपण दोन प्रकारच्या व्याख्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. एक, संग्रहालय कसं असावं हे सांगणारी. दुसरी, कोणाला मोजायचं हे ठरवणारी. पहिली ध्येय दाखवते, दुसरी उंबरठा घालते. संग्रहालयांच्या आकडेवारीसाठी २०१६ साली आयएसओ १८४६१ हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक निघालं, ते या दुसऱ्या गरजेपोटी.

उंबरठा कुठे घातला यावर सगळं कसं फिरतं, ते तीन देशांत पाहू.

फ्रान्समध्ये ४ जानेवारी २००२ च्या कायद्याने 'म्युझे द फ्रान्स' हा दर्जा निर्माण केला. हा दर्जा मिळालेली संग्रहालये सुमारे १,२००. शेजारच्या जर्मनीत बर्लिनची संग्रहालय-संशोधन संस्था १९८० च्या दशकाच्या आरंभापासून दर वर्षी सगळ्या संग्रहालयांना प्रश्नावली पाठवते. तिच्या यादीत जवळपास ६,८०० नावं असतात. मग जर्मनीत फ्रान्सच्या पाचपट संग्रहालये आहेत का? तसा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. फ्रान्सचा आकडा दर्जा मिळालेल्यांचा आहे, जर्मनीचा आकडा यादीत सापडलेल्यांचा. शाळेत पहिल्या वर्गात पास झालेली मुलं एका गावाने मोजली आणि पटावरची मुलं दुसऱ्याने, तर त्या आकड्यांवरून कोणतं गाव मोठं हे कसं ठरवणार?

जपानचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. १९५१ च्या संग्रहालय कायद्याने तिथे नोंदणीची पद्धत आली. त्यातून तीन पायऱ्या झाल्या: 'नोंदणीकृत', 'समकक्ष' आणि 'संग्रहालयसदृश'. नोंदणीसाठी अटी होत्या. वर्षात किमान १५० दिवस खुलं हवं, अभिरक्षक हवा, इत्यादी. २०१८ च्या सरकारी पाहणीत पहिल्या दोन पायऱ्यांवर मिळून १,२८६ संस्था होत्या आणि तिसऱ्या पायरीवर ४,४५२. म्हणजे जपानमध्ये संग्रहालये किती, याला एकाच वर्षी दोन अधिकृत उत्तरं आहेत: १,२८६ किंवा ५,७३८. तीन चतुर्थांशाहून अधिक संस्था नुसत्या 'सदृश'! आणि गंमत पुढेच आहे. नोंदणीचं दार कायद्याने स्थानिक शासन आणि ठरावीक खाजगी संस्थांसाठी ठेवलं होतं. त्यामुळे १८७२ चा वारसा सांगणारं टोकियोचं राष्ट्रीय संग्रहालय 'नोंदणीकृत संग्रहालय' होऊच शकत नव्हतं. २०२२ मध्ये कायदा सुधारला, खाजगी कंपन्यांनाही दार उघडलं. केंद्राची संग्रहालये मात्र अजून त्या रांगेबाहेर आहेत. नैयायिकाने याला काय म्हटलं असतं? सरळ अव्याप्ती. कळपातली सगळ्यांत मोठी गाय लक्षणाबाहेर!

तिसरा मुद्दा अमेरिकेचा. तिथला दुप्पट झालेला आकडा आला तो बराचसा कर खात्याच्या नोंदी तपासून. त्यात प्राणिसंग्रहालये, मत्स्यालये, वनस्पती उद्याने होतीच, शिवाय गावोगावच्या इतिहास मंडळांचाही मोठा वाटा होता. अशा एखाद्या मंडळाकडे दोन कपाटं आणि एक उत्साही सचिव, एवढाच पसारा असू शकतो. इथे भीती अतिव्याप्तीची.

हे सगळं परदेशातलं झालं, म्हणून एक ओळखीची जागा घेऊ. मुंबईत भायखळ्याला राणीच्या बागेत शिरलं की एका बाजूला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे आणि पुढे प्राण्यांचे पिंजरे. ही संग्रहालये एक की दोन? जपानी वर्गीकरणात प्राणिसंग्रहालय हा संग्रहालयाचा एक रीतसर प्रकार आहे, तेव्हा दोन. जर्मन पद्धतीत प्राणिसंग्रहालय धरत नाहीत, तेव्हा एक. बाग तीच, प्राणी तेच; आकडा वेगळा.

मोजायचं एकक हाही प्रश्नच आहे. एका संस्थेच्या पाच इमारती असल्या तर एक मोजायचं की पाच? जर्मनीने 'एकाच संकुलातली अनेक संग्रहालये' असा वेगळा वर्गच ठेवला आहे. आणि स्वतःचा संग्रह नसलेली, फक्त फिरती प्रदर्शनं भरवणारी दालनं ती संस्था निराळी मोजते. तसंच प्रेक्षकांचं. २०१९ मध्ये जर्मन संग्रहालयांनी ११ कोटींहून अधिक भेटी नोंदवल्या. ऐका हं, भेटी, माणसं नव्हेत. एकच आजोबा नातवाला घेऊन वर्षात चार वेळा गेले तर त्या आठ भेटी झाल्या. लोकसंख्येला हा आकडा भागून 'प्रत्येक जर्मन माणूस संग्रहालयात जातो' असं कुणी लिहिलं तर समजावं की त्याने तक्त्याखालची टीप वाचलेली नाही.

आता वर्गवारी. संग्रहालयांच्या आकडेवारीवर काम करणारा एक युरोपीय गट आहे, एगमस. देशोदेशीचे आकडे शेजारी ठेवता यावेत म्हणून त्याने तीन मोठे गट केले: कला, पुरातत्त्व आणि इतिहास, विज्ञान-तंत्रज्ञान आणि मानववंशशास्त्र, आणि 'इतर'. यातला दुसरा गट नीट पाहा. वाफेचं इंजिन आणि आफ्रिकेतला मुखवटा एका खणात. कोणाच्या पूर्वजांच्या वस्तू 'इतिहास' ठरतात आणि कोणाच्या 'मानववंशशास्त्र', हा निर्णय सांख्यिकीचा राहत नाही. पॅरिसमध्ये आफ्रिका आणि ओशनियातली काही शिल्पं मानववंशशास्त्राच्या संग्रहालयात होती. २००० साली ती लूव्रच्या एका दालनात मांडली गेली आणि 'कला' झाली. शिल्पाचा टवकाही उडाला नाही, खण मात्र बदलला.

मग कुणी विचारेल, की आकडे असे सोयीने हलत असतील तर मोजायचंच कशाला? हा निष्कर्ष घाईचा आहे. व्याख्या ठरवावी लागते, याचा अर्थ ती मनाला येईल तशी ठरवता येते असा नाही. हेतू बदलला की लक्षण बदलतं. अनुदान वाटायचं असेल तर उंबरठा उंच हवा. आग किंवा पूर आला तर वारसा कुठे कुठे आहे हे जाणायचं असेल तर तो अगदी खाली हवा, दोन कपाटांचं संग्रहालयही सुटता कामा नये. घोटाळा होतो तो एका हेतूने केलेली मोजणी दुसऱ्या कामाला जुंपली की. जपानच्या त्या ४,४५२ संस्थांकडे पाहा. त्या पाहणीत आहेत, पण नोंदणीबरोबर येणारा दर्जा आणि सवलती त्यांना नाहीत. सरकारला त्या दिसतात, कायद्याला दिसत नाहीत. जर्मनीत निम्म्याच्या आसपास संग्रहालयांना वर्षाला जेमतेम ५,००० पर्यंत भेटी होतात, आणि चाळीस टक्क्यांहून अधिक ही स्थानिक इतिहासाची, लोकजीवनाची आहेत. उंबरठा जरा उचलला तर सगळ्यांत आधी हीच गळतील. राजधानीतल्या मोठ्या संग्रहालयाला कुठल्याही व्याख्येने फरक पडत नाही. फरक पडतो तो तालुक्याच्या गावातल्या संग्रहालयाला. युनेस्कोच्या हिशेबात आफ्रिका विभागाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी येतो. यात साधनांची कमतरता आहे हे खरंच. पण जिथे जुन्या वस्तू राजघराण्यात, देवस्थानात, कुळांकडे सांभाळल्या जातात, तिथे 'संस्था' शोधणाऱ्या नजरेला काय सापडणार, हेही आपण विचारलं पाहिजे.

तेव्हा पुढच्या वेळी वर्तमानपत्रात 'देशात इतकी संग्रहालये' असं वाचाल तेव्हा चार प्रश्न विचारा. उंबरठा कोणी आणि कशासाठी घातला? एकक संस्था आहे की इमारत? भेटी मोजल्या की माणसं? आणि 'इतर' या खणात कोणाला टाकलं? ही उत्तरं आकड्याबरोबर छापलेली असतील तर तो आकडा कामाचा आहे. नसतील, तर आधी ती मागून घ्या, मग आकड्यावर बोलू.

पुढच्या व्याख्यानात हाच धागा भाषांच्या मोजणीपर्यंत नेऊ. बोली कोणती आणि भाषा कोणती, तिथेही सास्नेचाच प्रश्न आहे. आज इथे थांबू.